फांदीवरची मोडी: ग्राफिस लायकेन घरी कसे जगवावे

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीकडच्या बागेत छाटणीनंतर पडलेली आंब्याची फांदी पुण्याला आणली. तिच्या सालीवर राखाडी-पांढरा पातळ थर आहे आणि त्यावर मोडीत लिहिल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. ही फांदी झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून रोज संध्याकाळी पाणी फवारले. शिवाय थोडा थर खरवडून ताकात कालवला आणि एका कोऱ्या फांदीला फासला. तीन आठवड्यांत बरणीतल्या फांदीवर तपकिरी डाग पडले आणि ताकाच्या फांदीवर काळी-हिरवी बुरशी चढली. हे लायकेन घरी वाढते का, आणि कुठे चुकले?

झाकण, संध्याकाळ आणि ताक, या तीन ठिकाणी चुकले. वाढते का, याचे उत्तर मात्र तोडून द्यावे लागेल. आहे ते जगवणे जमते, आणि चांगले जमते. त्याची कड पुढे सरकताना पाहायची असेल तर हिशेब मिलिमीटरचा धरावा. कवची लायकेन, म्हणजे सालीला कवचासारखे घट्ट चिकटून वाढणारे, वर्षाला अर्धा ते दोन मिलिमीटर सरकले तरी ती बरी चाल समजतात. कोऱ्या सालीवर शून्यापासून नवा ठिपका उभा करणे तर प्रयोगशाळेतही जिकिरीचे असते. तेव्हा आधी जगवण्याचे सांगतो, वाढवण्याचे शेवटी.

वर्णनावरून हे ग्राफिस वंशातले लायकेन दिसते. ‘लिहिणे’ या ग्रीक शब्दावरूनच हे नाव पडले. जगभरात याच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि सह्याद्री-कोकणात हा वंश मुबलक आहे. नेमकी जात ठरवायची तर रेघेचा आडवा छेद आणि बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, रासायनिक चाचण्या कराव्या लागतात. फोटोवरून कोणी छातीठोकपणे जातीचे नाव सांगितले तर विश्वास ठेवू नका. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या लायकेनवर मोठे काम करून ठेवले आहे. निगा राखण्यापुरते मात्र वंश कळला तरी भागते.

लायकेन, म्हणजे पुस्तकी मराठीतले शैवाक, हे बुरशी आणि शैवाल यांचे एकत्र बिऱ्हाड. घर बुरशीचे, स्वयंपाक शैवालाचा. आपल्याला त्यातले ओळखीचे म्हणजे गोड्या मसाल्यातले दगडफूल. पण दगडफूल पानासारखे असते. त्याला खालची बाजू असते आणि ती नखाने सुटते. ग्राफिसला खालची बाजूच नाही. त्याचे तंतू थेट सालीच्या वरच्या थरांत शिरलेले असतात, काही जातींत तर अर्धे लायकेन सालीच्या आतच असते. म्हणून ते खरवडून काढता येत नाही. खरवडले की हातात येतो तो तुटक्या बुरशीचा, फुटलेल्या शैवालपेशींचा आणि सालीचा भुगा. त्यातून पुन्हा लायकेन जुळून येण्याची शक्यता नगण्य असते. या पूर्ण उत्तरातला एक नियम लक्षात ठेवायचा तर हा: कवची लायकेन हलवायचे ते सालीसकट. (आणि वाण्याकडून आणलेले दगडफूल झाडाला चिकटवू नका. महिनोन्‌महिने पोत्यात राहिलेल्या त्या मालातले शैवाल बहुधा केव्हाच गेलेले असते.)

ग्राफिसमधले शैवाल ट्रेन्टेपोहलिया या वंशाचे असते. ते स्वतंत्रपणेही राहते, आणि कोकणात तुम्ही ते नक्की पाहिले आहे: पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर, माडाच्या बुंध्यावर जी नारिंगी मखमल चढते, ती हीच. अनेकांना तो गंज वाटतो. पेशींतल्या नारिंगी रंगद्रव्यामुळे त्याचा हिरवेपणा झाकला जातो. याचा उपयोग पुढे जिवंतपणा तपासताना होईल.

आता तपासणी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. कोरड्या थरावर ड्रॉपरने एक थेंब ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटे बघत राहा. जिवंत थरात पाणी पसरते, राखाडी रंग आतून उजळल्यासारखा होतो आणि फिकट हिरवट किंवा पिवळसर-हिरवट झाक वर येते. काळी रेघ जवळून पाहिली तर ती रेघ नसतेच. कोळशासारखे काळे दोन ओठ आणि मध्ये कॉफीच्या बीसारखी चीर, असे ते बीजाणूंचे फळ असते. लांबी साधारण १ ते ५ मिमी. मग थराच्या कडेपासून थोडे आत सुईच्या टोकाने अगदी हलका ओरखडा काढा. पांढऱ्या थराखाली पिवळट-हिरवी किंवा नारिंगी रेघ उमटली तर शैवाल जिवंत आहे. नुसते पांढरे किंवा तपकिरी दिसले तर तेवढा भाग गेला. एका ठिकाणावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार ठिकाणी पाहा. एकाच थराचा मधला भाग मेलेला आणि कड जिवंत असे बरेचदा आढळते, आणि जिवंत कड असली की काम चालते.

फांदी कोणती घ्यावी, यातही चुका होतात. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. राखीव वनातही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये. स्वतःच्या किंवा ओळखीच्या बागेतली छाटणी हा उत्तम स्रोत. आंबा, जांभूळ, फणस यांच्या गुळगुळीत सालीच्या फांद्या चांगल्या. सुपारीच्या खोडावरही पांढरे कवची थर भरपूर असतात. पेरू, निलगिरी, अर्जुन यांची साल स्वतःहून सुटत राहते, त्यामुळे त्यांच्यावर इतकी सावकाश वाढणारी वस्ती टिकत नाही.

फांदी ३ ते ५ सेंमी जाडीची आणि १५ ते २५ सेंमी लांबीची असावी. बारीक काटक्या वाळताना आकसतात, साल तडकते आणि थर फुटतो. पडून महिनाभराच्या आतली घ्या. अंगठ्याने दाबल्यावर साल पोकळ वाजत असेल तर ती लाकडापासून सुटायला लागली आहे, ती नको. आणि बागमालकाला एक विचारा: या झाडावर बोर्डो मारला होता का? १ टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. त्यातले तांबे सालीला चिकटून राहते आणि ते शैवालाला आणि बुरशीला, दोघांनाही विषारी आहे. सुपारीवर कोळेरोगासाठी (फळे सडवणाऱ्या रोगासाठी) घडांना मारलेला बोर्डो खोडावरून ओघळतो आणि ओघळाच्या वाटेवरचे लायकेन पांढरेफटक पडते. बुंध्याला बोर्डो पेस्ट किंवा गेरू-चुना लावलेला भागही तसाच बाद.

बागमालकाचे आणखी एक म्हणणे असते, की हे पांढरे चट्टे झाड खातात, खरवडून टाकलेले बरे. ते खरे नाही. ग्राफिस झाडातून अन्न घेत नाही. मंद वाढणाऱ्या, विरळ पानांच्या फांदीवर उजेड जास्त पोचतो म्हणून तिथे लायकेन जास्त दिसते. कारण आणि परिणाम उलटे लावले जातात, इतकेच.

वाहतूक कोरडी करायची. वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदी खोक्यात. ओली फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रत्नागिरी-पुणे सात-आठ तास गाडीच्या डिकीत आणली, तर ती घरी पोचेपर्यंतच निम्मी मेलेली असू शकते. ओले, गरम आणि अंधार हे तिन्ही एकत्र आले की लायकेन टिकत नाही. कोरडे लायकेन झोपलेले असते. अनेक लायकेन कोरडी असताना ६० अंश सेल्सिअसचा मारा काही वेळ सोसतात, आणि तीच ओली असताना चाळिशीच्या आसपास खलास होतात.

घरी आल्यावर फांदीची दोन्ही कापलेली टोके वितळलेल्या मेणात बुडवा, फक्त टोके. लाकडात पाणी शिरून कुजणे हेच फांदीवरच्या लायकेनच्या मरणाचे सर्वांत मोठे कारण आहे. लायकेन ठणठणीत असते, पण त्याच्याखालची साल सुटून येते. मग फांदी तंगुसाने आडवी टांगा. तांब्याची तार नको, जी. आय. (जस्त चढवलेली लोखंडी) तारही नको. तांब्याइतकाच जस्ताचा त्रास होतो. जस्ती पत्र्यावरून पाणी ज्या भिंतीवर ठिबकते तिथे लायकेन येत नाही, हे कुठल्याही जुन्या घराला वळसा घातला तरी दिसेल. बोन्साय करणाऱ्यांच्या हाताला तांब्याच्या तारेची सवय असते, त्यांनी विशेष जपावे. टांगण्याचे दुसरे कारण वाळवी. सालीसकट आंब्याची फांदी मातीवर ठेवणे म्हणजे वाळवीला ताट वाढून ठेवणे. गोगलगायीही मातीवरूनच चढतात आणि रात्रीत थर खरडून खातात.

दोन-तीन वर्षांपलीकडे टिकवायचे असेल तर अखंड फांदीपेक्षा सालीची चकती बरी. धारदार पटाशीने ३ ते ४ मिमी जाडीचा सालीचा तुकडा काढायचा, लाकूड शक्य तितके कमी. लायकेनच्या कडेबाहेर किमान १ सेंमी कोरी साल राहू द्यायची. मागची बाजू सावलीत दोन दिवस वाळवून तुकडा दुसऱ्या झाडाच्या सालीवर, किंवा झाड नसेल तर न रंगवलेल्या मातीच्या कौलावर चिकटवायचा. चिकटवण्याला इपॉक्सी पुटी किंवा न्यूट्रल सिलिकॉन चालते. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो ते वापरू नका, सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. पुटी मध्यभागी लावा आणि कडा मोकळ्या ठेवा, म्हणजे मागे पाणी साचणार नाही. ज्या झाडावर लावायचे त्याची साल कापू नका. ही पद्धत नवी नाही; अमेरिकेत इर्विन ब्रोडो यांनी लाँग आयलंडवर सालीच्या गोल चकत्या झाडांवरून झाडांवर हलवून केलेले काम १९६१ साली प्रसिद्ध झाले, आणि हवेची प्रत अजमावायला तीच युक्ती पुढे अनेकांनी वापरली.

आता मुख्य गोष्ट, पाणी. लायकेनला मुळे नाहीत आणि पाणी धरून ठेवायची सोयही नाही. हवा ओली तर ते ओले, हवा कोरडी तर ते कोरडे. शैवाल अन्न तयार करते ते फक्त ओले असताना आणि उजेड असताना. कोरडे असताना कितीही उजेड पडला तरी कमाई शून्य, पण खर्चही जवळजवळ शून्य. ओले आणि अंधारात असताना मात्र कमाई बंद आणि खर्च चालू, कारण श्वसन थांबत नाही. जितकी रात्र उबदार तितका खर्च जास्त. संध्याकाळी फवारलेली फांदी पंचवीस अंशांच्या रात्री आठ-दहा तास ओली राहून साठवण खाते, आणि सकाळी उजेड येतो तेव्हा नेमकी सुकायला लागते. बरणीत तर ती सुकतही नाही. रोज थोडी तूट, असे तीन आठवडे. तुमच्या फांदीवरचे तपकिरी डाग म्हणजे हे दिवाळे.

म्हणून फवारणी पहाटे, उजाडता उजाडता. बारीक फवाऱ्याने ३० सेंमी अंतरावरून, सर्व बाजूंनी, वीस सेंमीच्या फांदीला ५ ते १० मिलिलिटर पुरते. थर ओला पण निस्तेज दिसला पाहिजे. वर चकाकणारा पाण्याचा पडदा तयार झाला की जास्त झाले; त्या पडद्यातून कार्बन डायऑक्साइड शैवालापर्यंत नीट पोचत नाही आणि ओले असूनही लायकेन उपाशी राहते. फवारल्यानंतर दोन-तीन तास ओलावा टिकावा आणि दहा-अकराच्या सुमारास थर पूर्ण कोरडा व्हावा. अकरा वाजता बोट लावून गार लागत असेल तर वारा कमी आहे, जागा बदला. तासाभरातच सुकत असेल तर फांदीखाली जांभ्या चिऱ्याचा तुकडा पाण्याच्या ताटलीत ठेवा, फांदीपासून १०-१५ सेंमी खाली. जांभा पाणी शोषतो आणि दिवसभर हळूहळू सोडतो. खडीच्या ताटलीपेक्षा याचा फरक जास्त जाणवतो.

पाणी पावसाचे सर्वांत चांगले. ते नसेल तर आरओचे किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या पाण्यात क्षार. देशावरच्या बोअरच्या पाण्याने महिनाभरात थरावर पांढरी पुटे चढतात आणि सालीचा मूळचा आम्लपणा मारला जातो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे) असेल तर आकडा ५० च्या आत ठेवा. एसीचे ठिबकणारे पाणी मऊ असते म्हणून अनेकजण वापरतात, पण ते तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या जाळीवरून आलेले असते. नको. तांब्याच्या हंड्यातले तर नकोच नको.

जागेबाबत: ग्राफिस सावलीतले लायकेन आहे, पण अंधारातले नाही. पूर्वेची किंवा उत्तरेची बाल्कनी, सकाळी साडेआठ-नऊपर्यंतचे कोवळे ऊन, नंतर ५० टक्के शेडनेट. पश्चिमेची बाल्कनी असेल तर हा नाद सोडलेला बरा. काच हवीच असेल तर वर झाकण नसलेली, उंची रुंदीपेक्षा कमी असलेली टाकी घ्या आणि तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नका. बंद बरणीत ऊन पडले की वीस मिनिटांत आतली ओली हवा लायकेनच्या सहनशक्तीपलीकडे तापते. दिवे लावून घरात वाढवणे शक्य असले तरी उन्हाळी पुण्यात त्याचा फायदा दिसत नाही, एसीची हवा उलट फार कोरडी असते.

वर्षाचे गणित साधारण असे बसते. जून ते सप्टेंबर फांदी उघड्यावर, पाऊस लागेल अशी टांगा आणि फवारा कपाटात ठेवा. आठवडाभर सलग भिजली तरी बिघडत नाही, कारण हवा खेळती आणि गार असते; बरणीतल्या ओल्यात आणि आषाढातल्या ओल्यात हाच फरक आहे. ऑक्टोबरात ऊन अचानक चढते, तेव्हा शेडनेट आठवडाभर आधीच लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम: रात्री गार, पहाटे दव, सकाळचा स्वच्छ उजेड. आठवड्यातून पाच पहाटे फवारा, बाकी निसर्ग बघतो. मार्च ते मे, जेव्हा पुण्यात दुपारची आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते, तेव्हा आठवड्यातून दोनच वेळा आणि पहाटे सहाच्या आसपास. राहून गेले तर भरपाई म्हणून दुपारी फवारू नका. सुटीत गावाला जाताना शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगू नका. तीन आठवडे कोरडे राहून काही होत नाही, शेजाऱ्यांच्या मायेने मात्र होते.

खत? काहीही नाही. युरिया नाही, १९:१९:१९ नाही, जीवामृत नाही, तांदळाचे धुवण नाही. लायकेनची भागीदारी उपासमारीवर टिकलेली आहे. जिथे अन्न कमी तिथेच बुरशीला शैवालाची गरज लागते. प्रयोगशाळेत दोघांना एकत्र आणतानाही माध्यम मुद्दाम निकस ठेवतात. खुराक चांगला दिला की दोघे आपापले वाढतात आणि लायकेन बनतच नाही. शिवाय खताच्या नत्रावर सर्वांत आधी फोफावते ते मोकळे हिरवे शैवाल, ते लायकेनला झाकून टाकते. ताकाचा उपाय इंटरनेटवर शेवाळासाठी सांगितला जातो, तिथेही त्याचा भरवसा नाही. लायकेनवर तो उलटाच पडतो: ताकातली साखर आणि प्रथिने साध्या बुरशीला दोन दिवसांत हजारो बीजाणू करायला पुरतात, आणि वर्षाला मिलिमीटरने चालणाऱ्या जिवाने त्या शर्यतीत काय धावायचे?

काय बिघडले हे रंगावरून बरेचसे ओळखता येते. तपकिरी किंवा गुलाबट डाग मधूनच पडले तर ओल्या उष्णतेचा किंवा रात्रीच्या ओलीचा संशय घ्या. पूर्ण थर एकसारखा खडूसारखा पांढरा पडला, ओला केल्यावरही हिरवा होत नसला, तर विषबाधा: तांबे, जस्त, क्लोरीन, किंवा शेजारच्या कुंडीवर मारलेले बुरशीनाशक वाऱ्याने आलेले. बुरशीनाशक हे नावच पुरेसे बोलके आहे, आपले लायकेन म्हणजे निम्म्याहून अधिक बुरशीच आहे. हिरवी पावडर चढली तर पाणी जास्त आणि कुठूनतरी नत्र येते आहे. कबुतरांची विष्ठा तपासा. थराच्या आजूबाजूला नारिंगी मखमल आली तर घाबरू नका, ते मोकळे ट्रेन्टेपोहलिया आहे आणि जागा योग्य असल्याची खूण आहे. लाकडाच्या टोकाशी पांढरा कापूस दिसला तर फांदी आठ-दहा दिवस पूर्ण कोरडी ठेवा, कापूस मऊ ब्रशने झाडा आणि मेण पुन्हा लावा. दुसऱ्यांदा आला तर सालीची चकती काढून घेण्याची वेळ झाली. थरावर नागमोडी, खरडल्यासारख्या वाटा दिसल्या तर गोगलगाय. सालीचे कण चिकटवलेली छोटी पिशवी अंगावर घेऊन फिरणाऱ्या अळ्याही शैवाल आणि लायकेन खातात, चिमट्याने उचलून टाका. कीटकनाशकाचा फवारा मात्र थरावर मारू नका.

रेघांचे ओठ फाकले आहेत, अशी तक्रारही येते. ते पक्व फळ आहे, रोग नव्हे.

वाढ मोजायची असेल तर कडेबाहेर दोन स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या कायमच्या टोचा, आणि दरवर्षी एकाच तारखेला, फांदी कोरडी असताना, पट्टी शेजारी ठेवून सरळ वरून फोटो काढा. पावसाळा संपल्यावर, १ ऑक्टोबरच्या सुमारास काढलेला फोटो तुलनेला बरा. त्यासोबत पारदर्शक प्लास्टिकवर बारीक मार्करने कड गिरवून ठेवा. फोटोत कॅमेऱ्याचा कोन दगा देतो, गिरवलेली रेघ देत नाही. दर महिन्याला मोजू नका, मार्करच्या टोकाची जाडीच त्या महिन्याच्या वाढीपेक्षा जास्त असते.

नव्या सालीवर पसरवण्याचे. येथे ग्राफिस मुळातच अवघड विद्यार्थी आहे. काही कवची लायकेन पृष्ठभागावर पावडर किंवा सूक्ष्म बोटांसारखे कोंब तयार करतात. त्या प्रत्येक कणात बुरशी आणि शैवाल दोघेही असतात, त्यामुळे तो कण योग्य जागी पडला की नवे लायकेन सुरू होऊ शकते. बहुतेक ग्राफिसकडे हे नाही. त्याच्या काळ्या रेघांतून उडतात ते फक्त बुरशीचे बीजाणू. बीजाणू सालीवर पडला, ओल मिळाली, कोंब फुटला, तरी जवळपास योग्य शैवाल भेटेपर्यंत त्याला उपाशी तग धरायचा असतो. म्हणून वाव आहे तो एकच: ज्या झाडाच्या खोडावर नारिंगी मखमल आधीच आहे, त्या झाडावर चकती लावायची, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, म्हणजे पावसाचे पाणी चकतीवरून ओघळत खालच्या सालीवर जाईल. खालची पट्टी खरवडू नका, धुऊ नका, रंगवू नका. दोन-तीन पावसाळे काहीही दिसणार नाही. पहिली खूण म्हणजे सालीवर नाण्यापेक्षा लहान, किंचित फिकट, गुळगुळीत डाग. रेघा त्यानंतर बऱ्याच काळाने. केवळ वाढताना पाहण्याची हौस असेल तर ग्राफिसऐवजी पावडर धरणारे एखादे कवची लायकेन निवडा: कोरड्या दिवशी ब्रशने पावडर कागदावर झाडून खडबडीत, ओलसर सालीवर टेकवायची, आणि वर काहीही न फासता वर्षभर विसरून जायचे.

प्रयोगशाळेची सोय असलेल्या विद्यार्थ्यांसाठी: रेघांसह सालीचा छोटा तुकडा स्वच्छ पाण्याने धुऊन तास-दोन तास डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, टिपकागदाने टिपा, व्हॅसलीनने पेट्री डिशच्या झाकणाच्या आतून चिकटवा, फळे आगरकडे तोंड करून. कोरडे होऊन पुन्हा ओले झालेले फळ बीजाणू उडवते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत ते साध्या आगरवर पडलेले दिसतात. रंगहीन, आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेले, आयोडिनने निळे-जांभळे होणारे बीजाणू असतील तर ग्राफिसशी जुळते. दर बारा तासांनी झाकण थोडे फिरवा, म्हणजे बुरशी लागलेला भाग वेगळा राहतो. कोंब फुटलेले बीजाणू मग माल्ट-यीस्ट आगरवर, १८ ते २० अंशांवर, अंधारात. दोन-तीन महिन्यांनी काही मिलिमीटरची गाठ मिळते. ती लायकेन नाही, एकट्या बुरशीचा बेढब गोळा आहे. ना राखाडी थर, ना मोडी.

आता तुमच्या हातातल्या दोन फांद्यांचे. बरणीतली आजच बाहेर काढा, पाणी पूर्ण बंद करा आणि दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगा. मग थेंबाची आणि सुईची तपासणी करा, विशेषतः कडेला. कड हिरवी झाली तर टोकांना मेण लावून पहाटेची फवारणी सुरू करा; तपकिरी पडलेला मधला भाग तसाच राहील, तो भरून येत नाही, पण खरवडूही नका, कारण त्याच्याखालच्या सालीवरच जिवंत कडेचा आधार आहे. जमल्यास पुढच्या मे-जूनमध्ये छाटणीच्या वेळी ती बागेत परत नेऊन चकती करून त्याच आंब्याला लावा. पुण्यातल्या रस्त्याकडेच्या बाल्कनीत ती जगेल, पण कड सरकेल ती बागेतच. ताकाची फांदी कंपोस्टात टाका, आणि टाकताना दुसरीच्या जवळून नेऊ नका.